मी पुकारलेली नावं

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे आणि मला माझ्याच तोंडाची किळस येते. आत्मवृत्ताची अशी सुरुवात तुम्ही वाचली नसेल. छत्री, खुर्ची, घड्याळ, सगळी आपापल्या सेवेचं कौतुक सांगतात. मलाही तसं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी जळगावात एका वसतिगृहाच्या व्हरांड्यात, मधल्या खांबावर टांगलेला असतो. माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्रा गोल वळवून मला फुलासारखं तोंड दिलं, मागं तारेचं वेटोळं असलेला एक डबा बसवला आणि गवताच्या पेंढ्यात गुंडाळून रेल्वेत चढवलं. माझ्याबरोबरचे काही कर्णे सिनेमाच्या जाहिरातीच्या टांग्यांवर गेले, काही लग्नाच्या मांडवात. मी १९५८ साली या वसतिगृहात आलो. तेव्हा मला वाटलं, आपलं नशीब थोर. आपण शिकणाऱ्या मुलांच्यात राहणार.

वसतिगृह भिकमचंदकाकांनी काढलं होतं. काका कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण काका बोलत अगदी जळगावकरांसारखे. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. खेड्यातला मुलगा मॅट्रिक होतो, चांगल्या मार्कांनी होतो आणि मग घरी बसतो. उद्या सरकारनं गरिबांच्या मुलांची फी माफ केली, तरी मुलं घरीच राहतील. फी माफ झाली म्हणून जळगावात झोपायला जागा मिळत नाही, आणि भाकरी तर कोणी माफ करत नाही. म्हणून काकांनी आपल्या घरासमोरची जागा घेऊन बारा खोल्या बांधल्या. स्वयंपाकाला नशिराबादचे जीवरामआबा ठेवले. फैजपूर, यावल, चोपड्याकडची, धुळे-साक्रीकडची मुलं येऊन राहू लागली.

काकांची प्रवेशाची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. मुलगा पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा राही. काका त्याची मार्कांची चिठ्ठी पाहत, चष्मा वर करून त्याच्याकडं एकदा बघत आणि म्हणत, "पाच नंबरमध्ये जागा आहे. आधी जेवून घे." संपलं. बाप काय करतो, हे त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मला त्यांनी कशासाठी आणलं होतं, सांगू? निकालासाठी. निकालाचं वर्तमानपत्र आलं की एकाच प्रतीवर वीस मुलं तुटून पडत आणि कागद फाटे. मग काकांनी मला आणलं. ते मायक्रोफोनसमोर बसून एकेक नंबर वाचत. त्यांचा आवाज घोगरा होता, पण माझ्या तोंडून तो असा खणखणीत बाहेर पडे की समोरच्या घरातून काकी, म्हणजे धनकुंवरबाई, पदर सावरत खिडकीत येत. पास झालेला मुलगा अंगणात उडी मारी. नापास झालेल्याचा नंबर वाचलाच जात नसे, त्यामुळं त्याची शोभा होत नसे. त्या सात वर्षांत माझ्या तोंडात फक्त पास झालेल्यांचे आकडे होते. ती माझी चांगली वर्षं.

१९६५ साली काका गेले.

त्यांचा मुलगा अभयकुमार अध्यक्ष झाला. मनानं वाईट नव्हता. पण त्याला दुकान, जिनिंग आणि पाहुणेरावळे यांतून वेळ नव्हता. त्यानं सगळा कारभार सेक्रेटरीवर सोपवला. सेक्रेटरी म्हणजे लीलाधरभाऊ. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि कुठल्याही सभेत पहिल्या रांगेत बसायची हौस. लीलाधरभाऊंनी एकदाही पैसे खाल्ले नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना भूक वेगळी होती. आपण देतो आहोत हे लोकांनी पाहावं, अशी ती भूक.

त्यांनी मला दोरीनं जरा वर उचललं आणि माझं तोंड अंगणाकडून चौकाकडं वळवलं.

दर जुलैला 'गरजू विद्यार्थी मदत समारंभ' सुरू झाला. अंगणात मांडव, मांडवात कोच, कोचावर कोणीतरी पुढारी. वसतिगृहात जागा मिळालेला प्रत्येक मुलगा व्यासपीठावर यायचा. त्याला एक सतरंजी आणि पुस्तकांचा संच मिळायचा. पण त्याआधी मायक्रोफोनसमोर उभं राहून उत्तरं द्यायची. तुझं नाव? गाव? बाप काय करतो? घर कुडाचं की मातीचं? चूल दोन वेळ पेटते की एक वेळ? हे प्रश्न लीलाधरभाऊ हसतमुखानं विचारत. उत्तर हळू आलं की म्हणत, "मोठ्यानं, बाळ. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

मागचे म्हणजे कोण? चौकातला पानवाला, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, सायकलवरून जाणारी कॉलेजातली मुलं. अठरा वर्षांचा मुलगा, ज्याला ओठावर मिशी फुटते आहे, तो माझ्या तोंडून साऱ्या पेठेला सांगायचा की माझी आई धुणी धुते. माझा बाप सालदार आहे, सालावर दुसऱ्याच्या शेतात राबतो. आम्ही एक वेळ जेवतो. मग टाळ्या पडत. ही माणसं कशाला टाळ्या वाजवत होती, हे मला अजून उमगलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्या मुलांना नावं पडलेली असत. एकाला सगळे 'सालदार' म्हणत. एकाला वर्षभर 'एक वेळ' म्हणत होते. तो मुलगा परीक्षेआधीच पेटी उचलून गावी गेला. समितीच्या अहवालात त्याच्यापुढं 'अभ्यासात गती नाही' असं लिहिलं गेलं. जीवरामआबा ते ऐकून स्वयंपाकघरात पचकन थुंकले. मला थुंकताही येत नाही. माझ्या तोंडात जे घालतात ते मोठं करून बाहेर टाकायचं, एवढंच माझं काम. तीन वर्षं मी ते काम केलं.

मग १९६९ चा जुलै आला आणि त्याबरोबर हिलाल आला.

हिलाल साक्रीकडच्या एका खेड्यातला. सडपातळ, काळासावळा, बोलायला मंद आणि गणितात विजेसारखा. प्री-डिग्री सायन्सला त्याला प्रवेश मिळाला होता. त्याचा बाप अंबाडीचे दोर वळायचा. बापाचं नाव उखर्डू. आपल्या खानदेशात आधीची लेकरं दगावली की नंतरच्या लेकराला नजर लागू नये म्हणून मुद्दाम असं टाकाऊ नाव ठेवतात. ते नाव म्हणजे एका आईनं मृत्यूला घातलेली भूल असते.

समारंभाच्या दिवशी उखर्डूभाऊ स्वतः आले होते. बसनं धुळे आणि धुळ्याहून जळगाव. खांद्यावर नवाकोरा, जाड दोर होता. मुलगा राहणार त्या वसतिगृहाच्या विहिरीचा दोर झिजलाय, हे त्यांनी मुलाला सोडायला आले तेव्हा पाहिलं होतं. म्हणून त्यांनी तो वळून आणला होता. ते मांडवाच्या मागं, चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिले. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही.

हिलालचं नाव पुकारलं. आधी फोटो झाला. पुढाऱ्यानं त्याच्या हातावर सतरंजी ठेवली, दोघांनी छायाचित्रकाराकडं पाहिलं, दिवा चमकला. मग प्रश्न सुरू झाले.

"पूर्ण नाव सांग."

"हिलाल उखर्डू."

"काय म्हणालास? उखर्डू?" लीलाधरभाऊ पाहुण्यांकडं वळून हसले. "ऐकलंत साहेब? बापाच्या नावातच उकिरडा!"

मांडव हसला. ते हसू मायक्रोफोनमध्ये शिरलं आणि माझ्या तोंडून दसपट होऊन चौकात गेलं. मित्रांनो, त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. चपलांच्या ढिगाजवळ उभ्या माणसानं खांद्यावरचा दोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"बरं, सांग," लीलाधरभाऊ म्हणाले, "घरी चूल किती वेळ पेटते?"

हिलाल म्हणाला, "दोन वेळ."

लीलाधरभाऊंनी चटकन मायक्रोफोनवर हात ठेवला आणि खाली वाकून कुजबुजले. त्यांना वाटलं, हात ठेवला की मी बहिरा होतो. पण जुना, नाजूक मायक्रोफोन होता तो. कुजबुज स्वच्छ माझ्यापर्यंत पोचली आणि मी ती चौकभर ऐकवली.

"अरे, एक वेळ म्हण! फॉर्मवर तसंच लिहिलंय. पाहुणे बसलेत समोर."

पानवाल्याचा कात लावणारा हात थांबला. हिलालनं लीलाधरभाऊंचा हात हलकेच बाजूला केला.

"फॉर्म मी भरला नाही," तो म्हणाला. एकही शब्द अडखळला नाही. "आमच्या घरी दोन वेळ चूल पेटते. माझ्या बापानं मला एकदाही उपाशी झोपवलं नाही. ते मागं उभे आहेत. आमच्या गावाजवळ कॉलेज नाही, म्हणून मला इथं राहायला जागा पाहिजे. एवढंच खरं आहे."

काका गेल्यापासून माझ्या तोंडून गेलेलं हे पहिलं वाक्य होतं, ज्याची मला लाज वाटली नाही.

लीलाधरभाऊंचा चेहरा लाल झाला. "मग तू गरजू नाहीस!" ते ओरडले. "दुसऱ्या गरिबाची जागा अडवू नकोस. उतर खाली." आणि त्यांनी त्याच्या हातातली सतरंजी ओढून घेतली. मित्रांनो, ओढून घेतली. तिचं एक टोक हिलालच्या सदऱ्याच्या गुंडीत अडकलं आणि गुंडी तुटून व्यासपीठावर पडली. लगेच पुढचं नाव पुकारलं गेलं.

बापलेक बाहेर आले. हिलाल पेटी आणायला खोलीत गेला. तेवढ्यात उखर्डूभाऊ विहिरीपाशी गेले, जुना दोर सोडला, नवा ओवला, गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मग दोघं बसस्टँडकडं निघून गेले.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात तो फोटो आला. हातात सतरंजी घेतलेला हिलाल, शेजारी पुढारी. खाली छापलं होतं, 'गरजू विद्यार्थ्यास मदतीचा हात'. जीवरामआबांनी तो कागद चुलीत घातला.

पण त्याआधी, समारंभाच्याच दुपारी, मांडव मोकळा होत असताना समोरच्या घराचं दार उघडलं. काका गेल्यापासून धनकुंवरकाकींनी उंबरा फारसा ओलांडला नव्हता. डोईवर पांढरा पदर घेऊन त्या चौक ओलांडून सरळ अंगणात आल्या. लीलाधरभाऊ धावले.

"काकी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? निरोप धाडायचा."

काकींनी माझ्याकडं बोट केलं. "जीवराम, हे खाली उतरव."

"अहो काकी, पण अभयभाऊंची परवानगी..."

"जमीन माझ्या नावावर आहे, लीलाधर. अभयला मी सांगीन." मग त्या तिथंच पायरीवर बसल्या. "तीन वर्षं मला घरात सगळं ऐकू येत होतं. मी काय केलं? खिडकी लावून घेतली. पोरांचं काम पुरुष बघतात म्हटलं. आज लावलेल्या खिडकीतूनही ऐकू आलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "तो मुलगा कुठं आहे?"

जीवरामआबांनी मला उतरवून कोठीघराच्या फळीवर उपडं ठेवलं. पुढचं मी तिथंच, आबांच्या तोंडून ऐकलं. भाजी निवडणाऱ्या बायांना ते सांगत होते.

"दुसऱ्या दिशी सकाळीच काकी निघाल्या. अभयभाऊ म्हने, मोटार घेऊन जा. काकी म्हने, मोटार दारात उभी राह्यली की गाव गोळा होतं. आम्ही यष्टीनं गेलो. पुढं दोन मैल पायी. तो उखर्डूभाऊ लिंबाखाली दोर वळू राह्यला होता. काकी तिथीच मातीत बसल्या. मी म्हनलं, काकी, टॉवेल टाकतो. त्या म्हने, राहू दे. मंग हात जोडले त्यायनं. त्याच्यापुढं हात जोडले! म्हने, भाऊ, चूक आमची आहे. पोराला पाठवा."

"मंग?" एका बाईनं विचारलं.

"तो घडीभर दोरच वळत राह्यला. मंग बोलला आपल्या अहिरानीत. 'माय, मना पोर्‍या हुशार शे, तो यी. पन त्याले बठ्ठास्ना म्होरे उभा करू नका.' बस. पोरगं येईल, पन सगळ्यायपुढं उभं करू नका, इतकंच. त्याच्या घरच्या बाईनं आम्हाला भाकर अन् शेंगदान्याची चटनी वाढली. काकी जेवल्या. मी तं पाह्यतच राह्यलो."

हिलाल आठ दिवसांनी आला. काकींनी त्याला सात नंबरची खोली दिली. त्यानं कोणाकडं काही मागितलं नाही, पण त्याच वर्षापासून इतर खोल्यांतली मुलं त्याच्याकडं गणितं घेऊन येऊ लागली. पुढं मार्कांच्या जोरावर तो इंजिनिअरिंगला गेला. शेवटच्या दिवशी कोठीघरात आबांच्या पाया पडायला आला तेव्हा आबांनी त्याच्या पेटीत लाडू कोंबले आणि पेटी मिटेना, म्हणून दोघं तिच्यावर बसले.

मी फळीवर होतो. माझ्या तोंडाखाली झुरळांनी घर केलं, पाठीवर हळदीच्या डब्याचं ओझं आलं. तुम्ही म्हणाल, बिचारा अडगळीत पडला. नाही मित्रांनो. मला कोणी बोलायला लावत नव्हतं. याहून मोठी विश्रांती मला ठाऊक नाही.

लीलाधरभाऊ मात्र समितीवर राहिलेच. अभयकुमारला कोणाशी वाईटपणा घ्यायचा नव्हता. काकी होत्या तोवर मदत समारंभ तेवढा बंद होता. १९७६ च्या हिवाळ्यात काकी गेल्या, आणि १९७८ साली वसतिगृहाला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सव! लीलाधरभाऊंचे केस पांढरे झाले होते, भूक तेवढीच होती. "जुना कर्णा काढा," ते म्हणाले. "तो आपल्या कार्याचा साक्षीदार आहे." साक्षीदार! मला घासलं, रुपेरी रंग दिला. मग मला पुन्हा खांबावर चढवलं. तोंड पुन्हा चौकाकडं.

यादी तयार झाली. मुलांची नावं, आणि शेजारी बापाचा धंदा. प्रमुख वक्ते म्हणून पत्र गेलं हिलालला. तो आता धुळ्याला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. संस्थेनं आपल्याला चिखलातून कसं वर काढलं ते त्यानं सांगावं, असं पत्रात लिहिलं होतं. मी ऐकलं, कारण लीलाधरभाऊंनी ते मायक्रोफोन तपासायला म्हणून मोठ्यानं वाचून पाहिलं.

तो दिवस मी विसरणार नाही. मांडव गच्च भरला. हिलाल दुपारी बसनं आला. तो मांडवात शिरलाच नाही. मागच्या बाजूनं व्हरांड्यात आला आणि सात नंबरच्या दारात थांबला. ते दार माझ्या खांबाला लागूनच आहे. आत तीन मुलं एकसारखे पांढरे सदरे घालून, नाव पुकारायची वाट पाहत, खाटेच्या कडेवर बसली होती. समोर उघडी वही होती आणि एक गणित अर्धं राहिलं होतं.

"कुठं अडलंय?" हिलालनं विचारलं आणि तो त्यांच्यात बसला.

मांडवात लीलाधरभाऊंनी पुकारलं, "आपल्या संस्थेचं भूषण, श्रीयुत हिलाल उखर्डू यांनी व्यासपीठावर यावं." मी ते चौकभर ओरडलो. हिलालनं पेन्सिल घेतली आणि एक आकृती काढली. लीलाधरभाऊंनी पुन्हा पुकारलं. मग मुलांची नावं सुरू झाली. पहिलंच नाव खाटेवरच्या एका मुलाचं होतं, चोपड्याकडच्या चुडामणचं. तो ताडकन उठला.

"दादा, मला जावं लागेल. माझी जागा जाईल."

हिलालनं त्याच्याकडं पाहिलं. "ज्याला जावंसं वाटतं त्यानं जावं. मी रागावणार नाही. पण न गेल्यामुळं कोणाची जागा गेली, तर धुळ्याला माझ्या घरात दोन खोल्या आहेत आणि तिथंही कॉलेज आहे."

चुडामण दारापर्यंत आला. बाहेर माझ्या तोंडून त्याचं नाव, आणि नावामागं त्याच्या बापाचा धंदा गर्जत होता. तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला. मग मागं वळला आणि वहीपाशी जाऊन बसला.

हिलालचं नाव मी त्या दुपारी अकरा वेळा पुकारलं. मी मोजलं. तो उठला नाही. अकराव्या वेळी अभयकुमार स्वतः शोधत आला. सात नंबरच्या दारात उभा राहून त्यानं चार डोकी एका वहीवर वाकलेली पाहिली. कोणी मान वर केली नाही. मग माझ्या खांबापाशी आला आणि त्यानं माझी वायर उपटून काढली.

कोणाचीही जागा गेली नाही. पुढच्या सभेत लीलाधरभाऊंनी राजीनामा दिला, तोही छापून आणला. आणि समारंभाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'समारंभ उत्साहात पार पडला' असंच होतं. त्याची मला आता किळस येत नाही, हसू येतं. म्हणजे मी खरंच म्हातारा झालो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझा रंग उडू द्या, मला गंजू द्या. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणाकडं एखादी रिकामी खोली असेल, जास्तीची पुस्तकं असतील. कोणी पेटी घेऊन दारात उभं राहील. त्याला काही विचारू नका. दार उघडा आणि बाजूला व्हा.